'कट' कोण म्हणणार?

सिनेमावेड्या मंडळींच्या गप्पांत एका ठरावीक प्रकारची गोष्ट हमखास निघते. रॉबर्ट रॉड्रिगेझने जेमतेम सात हजार डॉलर्समध्ये 'एल मारियाची' (१९९२) बनवला आणि त्यातले काही पैसे औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर देऊन उभे केले. विल्यम फ्रीडकिनने 'द फ्रेंच कनेक्शन'मधला (१९७१) तो प्रसिद्ध कारचा पाठलाग ब्रुकलिनमधल्या खऱ्याखुऱ्या ट्रॅफिकमध्ये शूट केला. सांगणाऱ्याचे डोळे चमकत असतात, ऐकणाऱ्याचे त्याहून जास्त. तात्पर्यही ठरलेलं: परवानग्या आणि नियम म्हाताऱ्यांसाठी, आपल्याला पॅशन पाहिजे राव!

मलाही या गोष्टी आवडतात. खोटं कशाला बोला? पण फ्रीडकिनच्या गोष्टीतला एक तपशील मला कायम खुपतो. त्या धावत्या गाडीच्या मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन तो स्वतः बसला होता. का? तर त्याच्या कॅमेरामन लोकांना बायकापोरं होती आणि त्याला तेव्हा नव्हती. हे त्यानेच पुढे मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे जिवाला धोका आहे हे गड्याला पक्कं माहीत होतं. बरं, मग त्या रस्त्यावरून निवांत चाललेल्या, सिनेमाशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांना बायकापोरं नव्हती का? नंतरच्या काळात फ्रीडकिन स्वतःच म्हणायचा की मी असं पुन्हा करणार नाही. पण गोष्टीचा हा भाग कोणी सांगत नाही. मूड जातो ना!

तर माझं म्हणणं असं आहे की ज्याला आपण जुगाड, पॅशन वगैरे म्हणून डोक्यावर घेतो, त्यात बऱ्याचदा धोका एकाचा आणि कौतुक दुसऱ्याचं असा हिशोब असतो. आणि सेटवर, अगदी कॉलेजच्या नऊ पोरांच्या सेटवरसुद्धा, 'थांबा' म्हणायचा हक्क कोणाचा हे सकाळीच ठरलेलं नसेल, तर संध्याकाळी तो कोणाचाच नसतो.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे गेल्या डिसेंबरातला एक रविवार. माझी मावसबहीण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. (पुण्यात इंजिनिअरिंगची पोरं इंजिनिअरिंग कमी आणि पुरुषोत्तम-फिरोदिया जास्त करतात असं म्हणायची पद्धत आहे. ही त्यातलीच.) तिच्या ग्रुपने एका स्पर्धेसाठी बारा मिनिटांची थ्रिलर करायची ठरवली. "दादा, रविवारी काय करतोयस?" असा प्रेमळ फोन आला तेव्हाच ओळखलं की गाडी पाहिजे. गाडीबरोबर ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर म्हणजे आपोआप प्रॉडक्शन मॅनेजर.

गोष्ट चांगली होती हो. एका मुलीची रूम पार्टनर तीन दिवसांपासून गायब आहे, पण तिच्या फोनवरून रोज रात्री मेसेज येतायत. अगदी नॉर्मल. 'दूध आणून ठेव' छापाचे. मला वाचतानाच अंगावर काटा आला. लोकेशन होतं भूगावच्या पुढे कोणाच्या तरी काकांचं अर्धवट बांधलेलं घर: खाली एक मजला, वर एक मजला, त्यावर गच्ची. एक डीएसएलआर, उधार आणलेला बूम माइक, रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोलचे दोन तक्ते आणि तीन डझन वडापाव. ठरलेले शॉट ४१. सगळ्यांनी साडेसहाला यायचं होतं, पहिला शॉट लागला दहाला दहा कमी असताना.

ज्यांनी कधी शूटिंग बघितलं नाही त्यांना वाटतं की वेळ कॅमेऱ्यात जातो. नाही. वेळ वाट बघण्यात जातो. आमची नायिका भयाण शांततेत जिना चढते असा सीन, आणि शेजारच्या लॉन्सवर लग्न! बँड थांबला की सनई, सनई थांबली की "वधूच्या मामांनी स्टेजजवळ यावे". मामा बहुतेक जेवायला बसले होते, कारण ही घोषणा सहा वेळा झाली. त्यातून वाचलो तर कुत्रं. मग लक्षात आलं की मागच्या शॉटमध्ये नायिकेचे केस बांधलेले होते आणि आता सोडलेत. मग पुन्हा पहिल्यापासून. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ४१ पैकी नऊ शॉट झाले होते. आपल्या आयटीतल्या लोकांना हा आकडा ओळखीचा वाटेल. प्रोजेक्ट प्लॅन नावाचं साहित्य आपल्याकडेही याच शैलीत लिहिलं जातं :-)

दुपारी पोलीस आले. झालं असं, की गायब मुलीचा मित्र पिस्तूल घेऊन गेटमधून पळत बाहेर येतो असा एक शॉट होता. पिस्तूल खेळण्यातलं, पण काळा स्प्रे मारून इतकं झकास केलेलं की मीसुद्धा पहिल्यांदा हातात घेताना नळी दुसरीकडे केली. समोरच्या सोसायटीच्या वॉचमनने जे करायला पाहिजे तेच केलं, फोन लावला. बाइकवरून दोघं जण आले. आमचा हीरो जागच्या जागी पुतळा. त्यातल्या वयाने मोठ्या पोलिसाने ते पिस्तूल हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "आम्हाला लांबून कसं कळणार हो खोटं आहे ते?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. रागावले नाहीत. रस्त्यावर काही करायचं असेल तर आधी चौकीत येऊन सांगत जा, हे बाहेर काढायचं नाही, एवढं बजावून गेले. पोरांनी नंतर दिवसभर हा किस्सा हसत हसत एकमेकांना सांगितला. पण मला तो प्रश्न फार भारी वाटला. तुमच्या डोक्यात सिनेमा चालू असतो, समोरच्याच्या डोक्यात नसतो.

आता मुख्य गोष्ट. शेवटचा महत्त्वाचा शॉट संध्याकाळचा होता. नायिका गच्चीवर मागे मागे सरकत कडेपर्यंत येते, मागे नुसतं मावळतीचं आकाश. गच्चीला कठडा नाही. बांधायचाच राहिलाय, कोपऱ्यात नुसत्या सळया वर आलेल्या. स्क्रिप्टमध्ये 'कठडा नसलेली गच्ची' असंच लिहिलं होतं, कारण लोकेशन बघून आल्यावर लेखकाला तीच कल्पना आवडली. उजेड उरला होता वीस मिनिटांचा. सगळे अकरा तासांपासून उभे. वडापाव संपून जमाना झालेला.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता रिलीज करू नये हे आपल्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी ते होतं. का होतं? तर दिवसभर जे सोपं आहे ते आपण आधी करत जातो आणि सगळ्यात अवघड गोष्ट सगळ्यात दमलेल्या माणसांच्या वाट्याला येते. सिनेमात त्यात आणखी सूर्याची भर. सूर्याला एक्स्टेन्शन मागता येत नाही. वर चार महिने या शॉटची स्वप्नं बघितलेली. अशा वेळी माणसं मूर्ख नसतात, ती फक्त एका दिशेने बघत असतात. कॅमेरावाला फ्रेम बघत होता, माझी बहीण मॉनिटर म्हणून लावलेल्या मोबाइलकडे बघत होती, आणि नायिका... ती बिचारी अॅक्टिंग करत होती. मागे बघितलं असतं तर शॉट गेला असता.

मी खाली अंगणात होतो, पुढच्या शॉटसाठी गाडीचे हेडलाइट जिन्यावर पडतील अशी गाडी लावत. वर बघितलं तर स्लॅबच्या कडेला नायिकेच्या टाचा दिसल्या. खालून वीसेक फूट. मी तोंड उघडेपर्यंत वरून आवाज आला, "थांबा! तिचा पाय सरकतोय."

हा आवाज होता बूम माइक धरणाऱ्या मुलीचा. सेकंड इयरची, ग्रुपमध्ये येऊन पंधरा दिवस झालेले, सकाळपासून तिचं कोणी नावही धड घेतलं नव्हतं. तिला दिसत काहीच नव्हतं, कारण ती जिन्याच्या दारात वाकून बसली होती. पण माइक नायिकेच्या पावलांजवळ आणि हेडफोन तिच्या कानावर. स्लॅबवर सांडलेल्या वाळूत चप्पल घसरल्याचा आवाज त्या अख्ख्या सेटवर फक्त तिला ऐकू आला होता. तोही साध्या कानाने ऐकण्यापेक्षा कितीतरी मोठा.

दोनतीन सेकंद भयंकर अवघडलेली शांतता. "अगं, एकच टेक राहिलाय", असं कोणीतरी पुटपुटलं. ती म्हणाली, "मग तो इथे नको." बस्स, एवढंच. माझ्या बहिणीचं मला कौतुक वाटतं ते इथे. ती चिडली नाही. तिने दोन मिनिटं आकाशाकडे बघितलं आणि सगळ्यांना खाली पळायला सांगितलं.

मग काय केलं? घराच्या जोत्यावर, जमिनीपासून दीड फुटावर, नायिकेला उभं केलं. कॅमेरावाला खाली मातीत झोपला आणि खालून वर असा अँगल लावला. फ्रेममध्ये नायिका आणि तिच्यामागे फक्त लाल आकाश. जमीन नाहीच. मग एक इन्सर्ट: हवेत पडत जाणारी एक चप्पल. ती मी टाकली, माझं चित्रपटसृष्टीतलं एकमेव योगदान. एडिट झाल्यावर मी तो सीन बघितला. आधी चप्पल, मग एक सेकंद काहीच आवाज नाही, मग जमिनीवर 'फट्'. ठरवलेल्या शॉटपेक्षा दसपट भीतिदायक. कारण ठरवलेल्या शॉटमध्ये गच्ची किती उंच आहे ते दिसलं असतं. आता ती बघणाऱ्याला वाटेल तेवढी उंच आहे.

यात नवीन काहीच नाही म्हणा. हिचकॉकने 'सायको'मधला शॉवरचा सीन डिसेंबर १९५९ मध्ये सात दिवस घासून शूट केला, पडद्यावर तो पाऊण मिनिटाच्या आसपास आहे. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप आणि सुरी खुपसल्याचा आवाज म्हणून खरबुजासारख्या फळात सुरी खुपसलेली. आपल्याकडे राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४) बघा, ज्याचा पुढे हिंदीत 'मेरा साया' झाला. त्यातली भीती कसली आहे? समोर उभी असलेली बाई आपली बायको आहे की नाही, एवढीच. त्यासाठी कोणाला कड्यावर टांगावं लागत नाही. थ्रिलर हा बघणाऱ्याच्या डोक्यात घडवायचा प्रकार आहे, आणि ज्या दिग्दर्शकाला भीतीसाठी खरा धोका लागतो त्याला आपला धंदा अजून पुरता कळलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. राग आला तर येऊ दे.

पण पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. त्या दिवशी सगळं निभावलं ते एका मुलीच्या धिटाईवर. ती बोलली नसती तर? बरेचदा लोक बोलत नाहीत. आणि सगळ्यात ज्युनियर माणूस तर नाहीच बोलत, त्याला आधी टीममध्ये टिकायचं असतं.

२० फेब्रुवारी २०१४ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' नावाच्या सिनेमाचं काम नदीवरच्या रेल्वे पुलावर चालू होतं. रुळांवर चक्क एक लोखंडी पलंग ठेवलेला, स्वप्नाच्या दृश्यासाठी. रेल्वे कंपनीने रुळांवर शूटिंगची परवानगी नाकारली होती. गाडी आली. पुलावरून पळायला जागाच नव्हती. सारा जोन्स नावाची २७ वर्षांची कॅमेरा असिस्टंट त्यात गेली, इतर काही जण जखमी झाले. पुढच्या वर्षी दिग्दर्शकाने गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. आता विचार करा, परवानगी नाहीये हे कोणाला माहीत होतं आणि पुलावर सामान उचलून कोण उभं होतं?

आपल्याकडे ७ नोव्हेंबर २०१६ ला बंगळुरूजवळच्या जलाशयात 'मस्ती गुडी' या कन्नड सिनेमाचं शूटिंग होतं. नायक आणि दोघं खलनायक हेलिकॉप्टरमधून पाण्यात उड्या मारतात असा सीन. नायकाला वाचवलं. अनिल आणि उदय हे दोघं नट बुडाले. अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्यांच्यापैकी एकाने शूटिंगच्या आधी टीव्हीवर सांगितलं होतं की उंचीची भीती वाटते, पोहणंही फार येत नाही. म्हणजे तो बोलला होता! पण ऐकून शॉट थांबवणं हे कोणाचंच काम नव्हतं.

एक विचित्र योगायोग सांगतो. २३ जुलै १९८२ ला अमेरिकेत 'ट्वायलाइट झोन'च्या सेटवर हेलिकॉप्टर कोसळून व्हिक मॉरो हा नट आणि दोन लहान मुलं मेली. बरोब्बर तीन दिवसांनी, २६ जुलैला, बंगळुरूमध्ये 'कुली'च्या फाइटमध्ये अमिताभला लागलं. तिकडे वर्षानुवर्षं खटला चालला. सगळे सुटले, पण सेटवरच्या सुरक्षेचे नियम लिहून काढायची सवय त्या इंडस्ट्रीला लागली. इकडे आपण काय केलं? देवळांच्या रांगा, आणि सिनेमा आला तेव्हा त्या ठोशाशी पडदा थांबवून 'हाच तो शॉट' असं लिहिलं. अमिताभवरचं प्रेम मला समजतं, मीही त्यातलाच. पण त्या फाइटची आखणी कशी झाली होती, हा प्रश्न आपल्या आठवणीत शिरलाच नाही.

मोठ्या युनिटमध्ये 'थांबा' म्हणायचं काम रीतसर कोणाचं असतं? फर्स्ट एडी, म्हणजे पहिल्या सहायक दिग्दर्शकाचं. त्याने दिवसाचं वेळापत्रक चालवायचं आणि सेट सुरक्षित आहे ना हेही बघायचं. आता गंमत बघा, ज्या माणसाच्या डोक्यावर '४१ शॉट संपव'चं ओझं, त्याच्याच हातात ब्रेक! डिलिव्हरी मॅनेजरलाच क्वालिटीचा साइन-ऑफ द्यायला लावण्यासारखं झालं हे. 'रस्ट'च्या सेटवर (२१ ऑक्टोबर २०२१) पिस्तुलात काही नाही, म्हणजे 'कोल्ड गन', असं जाहीर करणारा माणूस फर्स्ट एडीच होता. गोळी खरी निघाली आणि कॅमेरावूमन हलिना हचिन्स मेली. तिथली परिस्थिती बरी नाही म्हणून कॅमेरा विभागातले काही जण त्याच दिवशी सकाळी काम सोडून गेले होते. तेव्हा नुसतं पद निर्माण करून भागत नाही.

मला यापेक्षा टोयोटाच्या कारखान्यांतली ती प्रसिद्ध 'अंडॉन' दोरी बरी वाटते. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही खटकलं की त्याने दोरी ओढायची. सुपरवायझर धावत येणार, आणि प्रश्न तिथल्या तिथे सुटला नाही तर लाइन थांबणार. ओढणाऱ्याला 'का ओढलीस' म्हणून झापायचं नाही, उगीच ओढली असं निघालं तरी नाही. सगळा जीव या शेवटच्या वाक्यात आहे. आपल्या किती टीम्समध्ये फ्रेशर पोरगा 'हे आज लाइव्ह करू नका' असं म्हणू शकतो आणि सोमवारी त्याच्याशी सगळे नीट बोलतात, हे ज्याचं त्याने आठवून बघावं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: स्टुडंट फिल्मला कुठून आणायचे सेफ्टीवाले? बजेट वडापावचं. मान्य! हेलिकॉप्टर असेल तर लागतीलच, पण जोत्यावर उभं राहायला किती पैसे लागले? शून्य. सकाळी पाच मिनिटं गोल करून 'आज कुठे लागू शकतं, पडू शकतं, आणि थांबा कोणीही म्हणू शकतं' एवढं बोलायला किती? शून्य. सारा जोन्सच्या आठवणीत तिकडे काही सेट्सवर दिवसाच्या पहिल्या शॉटला 'जोन्सी' म्हणतात, त्याआधी सुरक्षेची मीटिंग करायची अशी प्रथा. आपल्याला नारळ फोडायला वेळ असतो, मग याला का नसावा?

कॉलेजांच्या आणि शॉर्टफिल्म स्पर्धांच्या संयोजकांनीही एक छोटं काम करायला हरकत नाही. त्यांच्या फॉर्मवर संगीताच्या कॉपीराइटचं हमीपत्र असतं, लांबी किती सेकंद चालेल ते असतं, शिव्या चालतील की नाही ते असतं. त्यात दोन रकाने वाढवा. उंची, पाणी, आग, वाहन, हत्यार यातलं काय वापरलंत आणि कसं? आणि शूटिंगच्या दिवशी काम थांबवायचा अधिकार कोणाकडे होता? दिग्दर्शकाचं नाव लिहिलं तर फॉर्म परत.

आमच्या मंडळींची पुढची फिल्म पावसाळा संपल्यावर आहे. लोकेशन एका जुन्या विहिरीजवळ, असं कानावर आलंय. बहिणीने पहिल्याच मीटिंगमध्ये बूम माइकवाल्या मुलीला शिट्टी आणून दिली. आणि मला विचारलं, "दादा, तुझ्या डिकीत टायरची जुनी ट्यूब आहे ना रे, फुगवलेली?"